माशी

ओहायोतलं मरिएटा. मस्किंगम नदीच्या उतारावर
डेल्मर हचिन्सचं तळघर.
व्हाइसच्या जबड्यात एक रिव्हॉल्व्हर आडवं.
जुनं नाही, जुन्यासारखं.
इटलीहून सुट्या भागांच्या खोक्यात आलेली नक्कल,
शहात्तर साली त्यानं आणि व्हर्नानं
जेवणाच्या टेबलावर जोडलेली.

"आठ इंच फार झाले," तो म्हणाला.
"टोक जड होतं. मनगट ऐकत नाही."
मी मनगटाकडे पाहिलं नाही,
नळीकडे पाहिलं.
शिरोलीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं
माणसांपेक्षा लोखंडालाच
नजर देत आलो.

बंदूक कधी हातात धरली नव्हती,
पण शब्द सगळे घरचेच निघाले:
नळी, घोडा, चाप, दारू.
टोकावरचा पितळी मणी दाखवून
त्यानं इंग्रजीत काही नाव सांगितलं.
म्हटलं, आमच्याकडे हिला माशी म्हणतात.
इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला.
मागची खाच घोड्याच्या डोक्यात असते.
घोडा मागे ओढला तरच दिसते,
एरवी हत्यार आंधळं.

साडेपाचावर पट्टी चिकटवली
आणि तिथंच माशी शिंकली.
तोंडापाशी, खालच्या अंगाला,
सुईनं ओरखडल्यासारखा एक व्ही.
मी पट्टीवर बोट ठेवून थांबलो.
म्हटलं, मागच्या टोकानं कापता येत नाही, डेल्मर.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "काप."

करवतीला घाई नव्हती, मलाही.
तुकडा पडायच्या आत त्यानं तळहात खाली धरला.
गरम होता. त्यानं सोडला नाही.

पुढं मग काम वाढतच गेलं.
नळी आखूड, तर खालची दांडीही आखूड,
दांडीचं कुलूप मागं सरकवा,
त्याच्यासाठी नवी खाच.
एक कापलं की त्याच्या आधारावरचं दुसरं उघडं पडतं.
नळीचं नवं तोंड
दोन संध्याकाळी घासत बसलो,
गुण्यात धरून, उजेडात फिरवून.
तोंड वाकडं तर बोलणंही वाकडं.

माशीला पितळ हवं होतं.
माझ्या जुडग्यात शिरोलीच्या लॉकरची किल्ली होती.
लॉकर आता कुणाचा, कोण जाणे.
मुलगी म्हणायची, बाबा, टाका ती.
तिच्या दांडीतून माशी निघाली,
तांदळाच्या दाण्याएवढी, पण उंच.
ही पिस्तुलं वर मारतात, जन्मखोड;
गोळी खाली आणायची तर माशी वर चढवायची.
आणि ठेवायची गरजेहून जरा जास्तच,
कारण घासून कमी होतं,
घासलेलं परत चढत नाही.

ऑक्टोबरात त्याच्या भाच्याच्या कुरणात
गवताच्या गठ्ठ्यावर कागद टाचला.
पहिला बार. पांढरा धूर,
कुजक्या अंड्यांचा वास,
आणि भोक वीतभर खाली.
मी कानस काढली. तीन हात.
दुसरा बार. पुन्हा दोन हात.
डावीकडे जातंय, म्हणून
माशीला उजव्या अंगानं हलकेच टोला,
पाठीवर थाप मारावी तसा.
चौथ्या बारानंतर मी कानस खिशात घातली.

कागदावर भोकं मात्र पसरलेली,
एक इथं, एक पार कोपऱ्यात.
"नेम बसला?" मी विचारलं.
"बंदुकीचा बसला," तो म्हणाला,
आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात ढकलला.
आमच्या भाषेत नेम म्हणजे
रोज न चुकता करायची गोष्टही.
ते सांगायचं होतं. राहिलं.

परतताना त्याच्या ट्रकमध्ये
अडीच इंचांचा तो तुकडा डॅशबोर्डवर,
आतले आटे उन्हात पिळलेले.
नदीकाठचा रस्ता, वळणामागून वळण.
दर वळणाला तुकडा घरंगळायचा,
आणि काठावरून पडायच्या आत
खिशातून तोच हात बाहेर यायचा.
एकदाही चुकला नाही.